गवत कापायचं मशीन अडखळतंय? आधी कान द्या, मग पाना घ्या

मशीन अजिबात सुरूच होत नसेल तर बिघाड शोधणं तुलनेनं सोपं असतं. खरं छळतं ते सुरू होऊन नीट न चालणारं. दोन मिनिटं गुरगुरतं, मग गचके देतं, मग आपोआप सावरतं, आणि आपण हत्यारं घेऊन शेजारी बसलो की शहाण्यासारखं चालतं. अशा वेळी नवखा हात हमखास जातो तो कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे. पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, मूळ जागा हरवते आणि एका बिघाडाचे दोन होतात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

हे सगळं मागून ढकलायच्या, एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल मशीनबद्दल आहे. बसून चालवायच्या मशीनलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

अडखळणं कोणत्या जातीचं?

गवत कापताना अशी इंजिनं मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला २५ स्फोट. त्यातले थोडे जरी चुकले तरी कानाला खटकतं. म्हणून आधी एक मिनिट नुसतं ऐका.

आवाज लाटेसारखा ठरावीक तालात चढतो-उतरतो का? याला मेकॅनिक लोक 'हंटिंग' म्हणतात. पेट्रोल कमी पडतंय किंवा भलतीकडून हवा आत शिरतेय. ताल नाही, मधूनच ठोका गळतो? हे मिस मारणं, आणि इथे संशय प्लगवर आणि ठिणगीवर. मोकळ्यावर छान चालतं पण दाट गवतात शिरलं की दम टाकतं? एअर फिल्टर, पात्याभोवती साचलेलं गवत किंवा कमी पडणारं पेट्रोल. आवाज ठीक आहे, पण हँडल धरून हाताला मुंग्या येतात? मग इंजिनाला बोल लावू नका, पातं बघा.

कधी बिघडतं, हेही टिपून ठेवा. थंड असताना त्रास आणि तापल्यावर ठीक, की उलट? दर वेळी १०-१५ मिनिटांनीच मरतं का? शेवटचं नीट कधी चाललं होतं, आणि त्यानंतर मशीन दगडावर किंवा मुळावर आपटलं होतं का? या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. बहुतेक जण ते विसरलेले असतात, किंवा विसरल्याचं दाखवतात.

हात घालण्याआधी

५३ सेंटीमीटर लांबीचं पातं मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटर असतो. म्हणून पात्याजवळ हात न्यायच्या आधी प्लगची टोपी उपसायची आणि वायर लांब वळवून ठेवायची. इंजिन बंद आहे म्हणून ही पायरी गाळायची नाही. पातं हाताने फिरवलं तरी पिस्टन हलतो आणि ठिणगी पडू शकते. बटण स्टार्ट असेल तर चावी किंवा बॅटरीही काढा.

पेट्रोलचं काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, उघड्या हवेत. बंद खोलीत इंजिन चालवून 'आवाज बघणं' तर नकोच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मशीन कलंडायचं असेल तेव्हा कार्बोरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. उलट कलंडलं की ऑइल फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये उतरतं, मग पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट निघतात आणि माणूस पिस्टन रिंग गेल्या म्हणून घाबरतो. कलंडण्याआधी टाकीतलं पेट्रोलही कमी करून घ्या.

पायरी पहिली: हत्यारांशिवाय

चोक (सुरू करताना हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडतोय का? लिव्हर जागेवर दिसते, पण केबल सैल झालेली असते आणि आत चोक अर्धवट बंद राहतो. मशीन काळा धूर सोडत गुदमरत चालतं. फिल्टरचं झाकण काढून डोळ्यांनी पाहा.

टाकीचं झाकण. त्यात हवा आत यायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरेनासं होतं. इंजिन दहा-पंधरा मिनिटं उत्तम चालतं, मग भुकेलं होऊन मरतं, थोडं थांबून पुन्हा सुरू होतं. मरायला लागेल तेव्हा इंजिन बंद करा, झाकण सैल करून पुन्हा घट्ट लावा आणि लगेच सुरू करून पाहा. सैल करताना फुस्स आवाज आला आणि मशीन पुन्हा पंधरा मिनिटं ठणठणीत चाललं, तर चोर सापडला.

ऑइल कांडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त भरलेलं ऑइलही तितकंच वाईट, ते इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर) वर येऊन जळतं. 

नंतर मशीनखालची पोकळी. ओलं गवत तिथे थापून बसलं की पात्याला सतत ब्रेक लागल्यासारखा होतो. लाकडी पट्टीने खरवडून काढा. तिथेच असताना पात्याचा बोल्ट घट्ट आहे का ते जाड हातमोजे घालून बघा. बोल्ट सैल असला तर पातं नुसता थरकाप आणत नाही. अनेक छोट्या इंजिनांत फ्लायव्हील (शाफ्टवरचं फिरणारं चाक) हलकं असतं आणि फिरण्याचा जोर टिकवायला पात्याचं वजनही धरलेलं असतं. पातं घसरत असेल तर इंजिन अडखळतं आणि सुरू करताना दोरी हाताला उलटा हिसका देते. मी एकदा याच लक्षणापायी दोन संध्याकाळी कार्बोरेटर खोलत बसलो होतो. शेवटी पाऊण फेरा बोल्ट आवळला आणि काम झालं. ती गोष्ट घरात अजून निघते.

पायरी दुसरी: पेट्रोल

एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर ही तपासा. पेट्रोल महिन्याभरात शिळं व्हायला लागतं. त्यातले पटकन पेटणारे हलके अंश उडून जातात, मागे चिकट रोगण उरतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावाही ओढतं, आणि पाणी पुरेसं झालं की थर वेगळा होऊन तळाशी बसतो. कार्बोरेटरही तळातूनच पितो.

थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढा आणि पाच मिनिटं ठेवा. ताजं पेट्रोल फिकट आणि पारदर्शक दिसतं. गडद रंग, आंबूस किंवा वार्निशसारखा वास, तळाशी लोळणारे थेंब, यातलं काहीही दिसलं तर सगळं काढून टाका. जुन्यात नवीन मिसळून 'पातळ' करायचा मोह टाळा. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, झाकणबंद डब्यात ठेवून घातक कचऱ्याच्या वाटेनं द्या.

ताजं पेट्रोल भरून दहा मिनिटं चालवा. बरीच मशीनं इथेच सरळ होतात.

पायरी तिसरी: एअर फिल्टर आणि प्लग

फिल्टर काढून क्षणभर त्याच्याशिवाय चालवून पाहा (फक्त परीक्षेपुरतं, धूळ उडत नसेल तिथे). फरक पडला तर फिल्टर बदला. कागदी फिल्टर हलकेच आपटून झटकता येतो, पण धुवायचा नाही आणि ऑइल लावायचं नाही. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल चोळून पिळून टाका.

प्लग गार इंजिनावर काढा, आधी भोवतालची माती फुंकून. मग त्याचं तोंड वाचा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर आतलं जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि ताप जास्त. बहुतेक छोट्या इंजिनांत प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागतो. तुमच्या मशीनचा आकडा माहितीपुस्तिकेत असेल, तोच धरा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. चिनीमातीला तडा दिसला तर साफ करत बसू नका, नवीन घाला. बसवताना आधी बोटांनी फिरवा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग तिरका गेला आणि पान्याने रेटला, तर आटे गेलेच.

पायरी चौथी: चोकची परीक्षा

आता खरी कामाची युक्ती. इंजिन अडखळत असतानाच चोक हळूहळू अर्ध्यावर आणा.

आवाज सुधारला, लाट थांबली, तर इंजिन उपाशी आहे. पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. आवाज आणखी बिघडला आणि काळा धूर आला, तर आधीच पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे फिल्टर, चोक किंवा ओव्हरफ्लो होणारा कार्बोरेटर. काहीच फरक पडला नाही तर मोर्चा ठिणगीकडे वळवा. तुमच्या मशीनला चोकऐवजी पेट्रोल आत ढकलणारा रबरी फुगा (प्राइमर) असेल, तर आवाज पडेल त्या क्षणी फुगा हलकेच दाबा. दर दाबाला इंजिन सावरत असेल तर निष्कर्ष तोच, उपाशी.

हंटिंगच्या वेळी गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा) स्प्रिंग आणि दांडी पुढे-मागे नाचताना दिसते आणि सगळा दोष तिचाच वाटतो. प्रत्यक्षात ती बिचारी काम करत असते. पेट्रोल कमी पडून वेग उतरतो, गव्हर्नर हवा-पेट्रोलची वाट मोठी उघडतो, वेग गरजेपेक्षा वर जातो, गव्हर्नर वाट आवळतो, की पुन्हा उपासमार. इंजिन असं कानात वारं गेलेल्या वासरासारखं उधळतं-थांबतं. ती स्प्रिंग ताणू, वाकवू किंवा वेगळ्या भोकात अडकवू नका. पात्याचा वेग तिच्यामुळेच हद्दीत राहतो.

पायरी पाचवी: कार्बोरेटर

उपासमार ठरली आणि पेट्रोल ताजं आहे, तरच इथे या. सगळ्या दांड्या, स्प्रिंगा आणि गॅस्केटचे मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे 'आठवेलच' असं वाटतं. आठवत नाही.

पेट्रोलचा कॉक बंद करा किंवा नळी चिमट्याने दाबा. कार्बोरेटरच्या तळाशी वाटी असते, तिचा बोल्ट सोडा, खाली भांडं धरून. काही मॉडेलांत हा बोल्टच जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) असतो, त्याच्या अंगाला बारीक भोकं दिसतात. बाकीच्यांत जेट वर मधल्या नळीत बसवलेला असतो. वाटीत काय साचलंय ते नीट बघा. पाण्याचे मणी, पांढरी भुकटी, हिरवट चिकटा, यातलं काही दिसलं तर उत्तर तिथेच आहे.

जेटचं मुख्य भोक सहसा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. उजेडाकडे धरून बघा, आरपार गोल प्रकाश दिसला पाहिजे. अर्धवट दिसला तर कार्बोरेटर क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, पुन्हा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. काडी घालावीच लागली तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एक तंतू घ्या. सुई किंवा पोलादी तार पितळेचं भोक मोठं करते, आणि मग मशीन जन्मभर जास्त पेट्रोल पितं.

मंद वेगासाठी वेगळी, आणखी बारीक वाट असते. रेस वाढवल्यावर इंजिन ठीक पण मंद वेगावर मरतं, असं असेल तर ती बुजलेली असते.

फ्लोट (वाटीतला पोकळ तरंगता भाग) कानाशी हलवा. आत डबडब आवाज आला तर त्यात पेट्रोल शिरलंय, बदला. मग वाटी न लावता, खाली भांडं धरून कॉक जरासा उघडा. फ्लोट बोटाने वर उचलला की पेट्रोल पूर्ण थांबलं पाहिजे, सोडला की सरळ धार आली पाहिजे. थांबत नसेल तर फ्लोटला जोडलेली, पेट्रोल अडवणारी सुई किंवा तिची बसणी गेली आहे, आणि ओव्हरफ्लोचं कारण तेच. धार बारीक असेल तर मागे जा: नळीतला फिल्टर, टाकीतली जाळी, आतून सोललेली नळी.

जोडताना गॅस्केट निरखून बसवा. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं गॅस्केट फाटलं किंवा बोल्ट सैल राहिले की इंजिन तिथून हवा खेचतं, आणि जेट कितीही स्वच्छ असला तरी लाट जात नाही. तपासायला स्प्रे बाटलीने त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा, प्लगपासून लांब. आवाज बदलला तर गळती तिथेच. काही जण हे काम पेट घेणाऱ्या फवाऱ्याने करतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी मी ते करणार नाही.

पायरी सहावी: ठिणगी

नवीन प्लग घालूनही मिस मारत असेल तर प्लग आणि टोपी यांच्यामध्ये लावायचा स्पार्क टेस्टर घ्या. प्लग हातात धरून ठिणगी बघायची जुनी सवय सोडा, शॉक तर बसतोच, शिवाय उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते.

कॉइलपासून (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) एक बारीक वायर हँडलच्या सुरक्षा-दांडीकडे जाते. दांडी सोडली की ही वायर अर्थ होऊन इंजिन बंद होतं. केबल सैल पडली किंवा वायर सोलून धातूला घासत असली, की इंजिन धक्क्यागणिक क्षणभर बंद होतं. खडबडीत जमिनीवर मिस मारतं आणि सपाटीवर नाही, तर ही वायर आधी बघा.

तापल्यावरच ठिणगी जात असेल आणि गार झाल्यावर परत येत असेल, तर कॉइल संपत आली आहे. बदलण्याआधी वरचं आवरण काढून सिलिंडरच्या पंख्यांमधलं सुकं गवत साफ करा, तिथे हवा न फिरल्यानेच कॉइल भाजते. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातलं अंतर अनेक इंजिनांत ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर असतं. गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून बोल्ट आवळायचे आणि कार्ड ओढून काढायचं.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. मशीन कशावर आपटलं होतं? पातं एकदम थांबतं, त्याच्याबरोबर क्रँकशाफ्ट (पातं फिरवणारा इंजिनाचा दांडा) थांबते, पण वरचं फ्लायव्हील आपल्या जोरात पुढे सरकतं. दोघांमध्ये मऊ धातूची एक छोटी चावी असते, ती कातरली जाते. फ्लायव्हीलमधलं चुंबक जागेवरून हललं की ठिणगी चुकीच्या वेळी पडते. दोरी उलटी हिसका देते, सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून फटाका फुटतो, जोर येत नाही. चावी केसभर सरकलेली असली तरी पुरतं, म्हणून 'तुटलेली दिसत नाही' यावर समाधान मानू नका. फ्लायव्हील पुलरने काढा, हातोडा नको. नवीन चावी अगदी स्वस्तातली वस्तू, पण तिथे पोलादी तुकडा ठोकू नका. बसवताना निमुळती बसणी कोरडी आणि स्वच्छ हवी, आणि नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळायचा नेमका जोर) आवळायचा. खरी पकड त्या निमुळत्या बसणीची असते, चावी फक्त जागा दाखवते.

आपटल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर पातं काढून मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूला कानशीने घासून तोल साधा, वाकलं असेल तर टाकून द्या. सरळ, तोललेलं पातं लावूनही थरथर राहिली, तर शाफ्ट वाकली आहे. ते मशीन पुन्हा सुरू करू नका.

कुठे थांबायचं

इतकं करूनही फरक नाही, दोरी ओढताना अजिबात विरोध जाणवत नाही, किंवा निळा धूर थांबतच नाही, तर व्हॉल्व, हेड गॅस्केट किंवा रिंगांचं काम आहे. व्हॉल्वचा गॅप वाढल्यावरही इंजिन अडखळतं, आणि वरच्या बाजूला व्हॉल्वचं झाकण असलेल्या इंजिनांत तो घरी लावता येतो, पण पहिल्याच दुरुस्तीत तिकडे जाऊ नका. मेकॅनिककडे नेताना काय-काय तपासलं आणि चोक अर्ध्यावर आणल्यावर काय झालं, हे एका कागदावर लिहून न्या. त्याचा अर्धा तास वाचतो.

आणि मशीन सुधारलं असेल, तर अंगणात उभं ठेवून खूश होऊ नका. दाट गवतात वीस मिनिटं चालवा, तिथेच बंद करा, गार होऊ द्या आणि प्लग काढून पुन्हा त्याचं तोंड बघा. तपकिरी दिसलं, तर पेट्रोलच्या डब्यावर आजची तारीख टाका.